मिरज आणि क्रेमोना: मैत्री-शहराच्या नात्याची सुरुवात कुठून करावी?

सतारगल्ली (प्रश्न):
नमस्कार. मिरजेत आमचे पंधरा जणांचे एक लहान संगीत मंडळ आहे. व्हायोलिन घडवणाऱ्या इटलीतील क्रेमोना गावाशी मिरजेने मैत्री-शहराचे नाते जोडावे, असे गेल्या बैठकीत एका सभासदाने सुचवले आणि सगळ्यांनाच ते पटले. क्रेमोनाच्या व्हायोलिन-कारागिरीची युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. योगायोग असा की, ज्या १९३७ साली किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब गेले आणि मिरजेत त्यांचे दफन झाले, त्याच साली क्रेमोनाने आपले विख्यात व्हायोलिनकार स्त्रादिवारी यांच्या मृत्यूची द्विशताब्दी साजरी केली आणि पुढच्याच वर्षी तिथे वाद्यनिर्मितीची शाळा निघाली. विझत आलेली कारागिरी त्या गावाने शाळा काढून सावरली, हे आम्हाला विशेष वाटते. आम्ही आधी महापालिकेकडे जावे, की थेट तिथल्या कारागिरांना पत्र लिहावे?

निवृत्त लिपिक:
महापालिकेमार्फत जायचे असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव, राज्य शासनाची परवानगी आणि परराष्ट्र मंत्रालयाची संमती, एवढा प्रवास गृहीत धरावा. तिकडून देणगी घेण्याचा विचार असेल तर विदेशी अंशदान (नियमन) अधिनियम, २०१० आधी वाचावा, कारण मंडळाची साधी नोंदणी त्याला पुरत नाही. मी ज्या नगरपालिकेत होतो तिचे नाव घेत नाही, पण तिथे असाच एक करार झाला होता. शिष्टमंडळ गेले, शाली-श्रीफळ झाले, कराराची प्रत चौकटीत घालून अध्यक्षांच्या दालनात लावली; पुढच्या निवडणुकीनंतर रंगकाम निघाले तेव्हा ती चौकट माळ्यावर गेली आणि पुन्हा खाली आली नाही.

मुठेकाठ:
लिपिकसाहेबांचा अनुभव खरा असेल, पण त्यावरून करारच नको असे म्हणणे मला घाईचे वाटते. पुणे आणि अमेरिकेतील सॅन होजे यांचे नाते १९९२ पासूनचे आहे. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान पुणे-ओकायामा मैत्रीतून, जपानमधील ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभे राहिले, आणि त्यातील तळ्याकाठी बसणाऱ्या पुणेकरांपैकी पुष्कळांना ओकायामा नकाशावर दाखवता येणार नाही, तरी बाग रोज वापरात आहे. मंडळातली माणसे बदलतात. शहराच्या नावावर झालेली गोष्ट पुढच्यांना हक्काने मागता येते.

तुंबा आणि दांडी:
मी स्वतः तंबोरे करतो, म्हणून दोन शब्द लिहितो. आमच्याकडे परदेशी पाहुणे येतात, तासभर थांबतात, कोरीव कामाचे आणि भोपळ्यांच्या राशीचे फोटो काढतात आणि चहा घेऊन निघतात. त्यांचा राग नाही, पण त्याला देवाणघेवाण म्हणता येणार नाही. आमचा भोपळा पंढरपूरकडून येतो, क्रेमोनाचे स्प्रूसचे लाकूड आल्प्समधील फियेम्मे खोऱ्यातून येते. चांगला माल दुरून आणायचा आणि वर्षानुवर्षे सुकवत ठेवायचा, ही दोघांचीही रोजची चिंता आहे. खरी गंमत मात्र घोडीत, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या तुकड्यात आहे. व्हायोलिनची तार घोडीच्या एका कडेवर नेमकी टेकली पाहिजे, झिणझिण आली तर तो दोष. आम्ही तीच झिणझिण मुद्दाम आणतो: घोडीची पाठ कानशीने थोडी थोडी घासायची, तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे, आणि एका जागी आवाज एकदम उघडतो. ती जवारी. कधी कधी एका तंबोऱ्यात अर्धा दिवस जातो, आणि हे मी वडिलांच्या शेजारी बसून शिकलो, कागदावर कुठेच नाही. तिकडचा एखादा शिकाऊ कारागीर माझ्याकडे तीन महिने बसणार असेल आणि माझा मुलगा तिकडे वार्निश शिकणार असेल, तर सही कोणाचीही असो, मी तयार आहे.

सतारगल्ली:
सर्वांचे आभार. मुठेकाठ यांचा मुद्दा मान्य आहे, तरीही ठराव नंतर मागू, कारण सभेपुढे ठेवायला हातात आधी काहीतरी असले पाहिजे. पहिले पत्र आम्ही तिथल्या शाळेला लिहीत आहोत, आणि पाहुणे आलेच तर मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्यातील उरुसाच्या वेळी यावेत, म्हणजे मिरजेचा तंबोरा मिरजेतच गाण्यामागे कसा वाजतो ते त्यांना ऐकता येईल. दादा, पत्रासोबत एक तुंबा आणि हाडाची घोडी पाठवता येईल का?

निवृत्त लिपिक:
वाळलेला भोपळा आणि हाड, दोन्ही सीमाशुल्कात अडकण्याची शक्यता आहे. कागदपत्रे तयार होईपर्यंत पार्सल पाठवू नये.

तुंबा आणि दांडी:
मग वस्तू नकोच. रविवारी माझ्याकडे एक नवा तंबोरा जवारीला येणार आहे. जवारी काढण्याआधी आणि काढल्यानंतर, चारही तारा एकेक करून रेकॉर्ड करू आणि तेवढेच पाठवू. चांगला माइक असलेला कोणीतरी सकाळी आठपूर्वी या. नंतर गल्लीत रिक्षांचा आवाज सुरू होतो.