सलग १५ वर्षं रणजी जिंकणारी मुंबई : अकरा जण कोण?

(सोसायटीचा ग्रुप, रविवार सकाळ)

बी-४०३ : गुड मॉर्निंग सगळ्यांना. काल रात्री ऑफिसच्या ग्रुपवर मुंबईची ऑल टाइम टीम काढली, सुनील, सचिन, रोहित, वेंगसरकर, झहीर असे सगळे घेतले, पण बाबा म्हणाले ही यादी कुणीही दोन मिनिटांत करेल. तुम्ही लोकांनी जास्त बघितलंय म्हणून इथे टाकतोय, सांगा काय चुकलं

ए-२०१ नाना : चुकलं काहीच नाही बाळा, पण ९० वर्षांचं क्रिकेट एका टीममध्ये कोंबलं की भांडायला मजाच राहत नाही, नुसती मोठी नावं गोळा होतात. त्यापेक्षा एक काळ पकड. माझ्या मते एकच काळ आहे, १९५८-५९ ते १९७२-७३. सलग १५ वेळा रणजी. एकही वर्ष सोडलं नाही. त्या पंधरा वर्षांतले अकरा काढून दाखव

ए-२०१ नाना : आणि नियम असा की भारतासाठी काय केलं ते मोजायचं नाही. मुंबईसाठी रणजीत काय केलं तेवढंच.

बी-४०३ : म्हणजे गावसकर पण नक्की नाही का??

ए-२०१ नाना : गावसकर आहेच, पण त्याच्यासाठी सुद्धा वाद घालावा लागेल, कारण तो या काळात आला शेवटी शेवटी. पहिल्या रणजी सामन्यात शून्यावर गेला होता, आणि लोकांनी बोलायला कमी केलं नाही की मामा माधव मंत्री निवड समितीत म्हणून घेतला, मग पुढच्याच सामन्यात राजस्थानविरुद्ध ११४. मुंबई क्रिकेट असं होतं, तोंडाने उत्तर द्यायचं नाही.

सेक्रेटरी : मंडळी पाण्याचा टँकर ११ ला येणार आहे, गेटसमोर गाड्या लावू नका प्लीज. आणि नाना, सलामीला सरदेसाई घ्या.

डी-५०२ ताई : सरदेसाई सलामीलाच. आमचे सासरे मडगावचे, सरदेसाईसुद्धा मडगावचे, घरात देवाच्या शेजारी फोटो नव्हता एवढंच. सासऱ्यांकडून ऐकलेलं, दिलीप सरदेसाई मुंबईकडून रणजीत कधी हरले नाहीत. फायनल दहा खेळले आणि दहाही जिंकल्या

ए-२०१ नाना : बरोबर ताई. आणि १९६६-६७ च्या फायनलला राजस्थानविरुद्ध १९९ केले. एका धावेने द्विशतक हुकलं. लोक १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यातल्या ६४२ धावा सांगतात, किंग्स्टन कसोटीतलं २१२ सांगतात, मी १९९ सांगतो कारण नियम माझा आहे. तेव्हा गावसकर आणि सरदेसाई सलामीला, ठरलं.

सी-१०३ काकू : राजस्थानचं मला कायम वाईट वाटतं हो. किती फायनल हरले बिचारे

ए-२०१ नाना : या काळात मुंबईशी सात. सलीम दुराणी, हनुमंत सिंग अशी माणसं होती त्यांच्याकडे, कच्ची टीम अजिबात नव्हती. तरी प्रत्येक वेळी समोर मुंबई.

बी-४०३ : पण नाना मला खरंच कळत नाही, १५ वर्षं एकच टीम जिंकते म्हणजे बाकीचे तेवढे वाईट होते का? आजच्या काळात तर दोन वर्षं सलग जिंकणं कठीण

ए-२०१ नाना : बाकीचे वाईट नव्हते. मी काय सांगतो ते नीट वाच, जरा मोठं होणार आहे. इथे दादरला, माटुंग्याला, शिवाजी पार्कात मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की कांगा लीगचं नाव ऐकायचा. कांगा लीग पावसाळ्यात. जून संपला की ओल्या विकेटवर, चिखलात, गवत वाढलेल्या आउटफिल्डवर खेळायचं, चेंडू कधी उसळेल कधी बसेल ते देवाला माहीत, चार मारले की दोनच धावा कारण चेंडू गवतात अडकतो. त्यात जो तीस करतो तो कोरड्या विकेटवर शतक करतो. मग टाइम्स शील्ड, तिथे ऑफिसच्या टीम, टाटा, एसीसी, स्टेट बँक, मफतलाल, निरलॉन, माणसाला नोकरी पण मिळायची आणि कसोटी खेळाडूंच्या समोर खेळायला पण मिळायचं. शनिवारी ज्याच्या बॉलिंगवर आउट झालास तो सोमवारी शेजारच्या टेबलवर. दुसऱ्या राज्यांत एखाद दुसरा गावसकर निर्माण झाला असेल पण दर शनिवार-रविवार अशी परीक्षा कुठे होती. विकेट फुकट द्यायची नाही, याला आपण खडूस म्हणतो. लोकांना ती शिवी वाटते, मला ते पदक वाटतं.

बी-४०३ : हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. थँक यू नाना

ए-३०४ : मिडल ऑर्डर सांगतो. वाडेकर तीन, उमरीगर चार, अशोक मांकड पाच. यात कुणाला प्रॉब्लेम?

सी-१०३ काकू : अशोक मांकड? कसोटीत एक शतक नाही त्यांचं, ९७ वर अडकले ना

ए-२०१ नाना : काकू म्हणूनच नियम केला. अशोक मांकड कसोटीत २२ सामने खेळला आणि शतक नाही, पण प्रथम श्रेणीत १२,९८० धावा, सरासरी पन्नासच्या वर, ३१ शतकं. देशांतर्गत क्रिकेटमध्ये त्याला बाद करायला लोक दमायचे. आणि डोकं! सगळे त्याला काका म्हणायचे ते काय उगाच? फील्ड कुठे लावायची, समोरचा कधी चुकणार, हे त्याला आधी कळायचं.

ए-३०४ : वाडेकरांचं १९६६-६७ चं म्हैसूरविरुद्धचं ३२३ आहे त्यामुळे त्यांच्याबद्दल वाद नकोच

सेक्रेटरी : उमरीगर १९६३ पर्यंत खेळले, पाचेक वर्षंच या काळात. चालेल?

ए-२०१ नाना : चालवायचं. पॉली उमरीगर फक्त बॅट्समन नव्हते, ऑफ ब्रेक आणि मध्यमगती दोन्ही टाकायचे, टीमला तोल येतो. गावसकर शेवटची चार वर्षं, उमरीगर पहिली पाच, दोघंही एकाच टीममध्ये खेळताना मला बघायचंय म्हणून तर ही टीम.

डी-५०२ ताई : आता विकेटकीपर. इथे भांडण होणार

ए-३०४ : फारुख इंजिनीअर. चर्चा संपली

ए-२०१ नाना : संपली नाही. नरेन ताम्हाणे.

ए-३०४ : नाना इंजिनीअरने वेस्ट इंडिजविरुद्ध लंचच्या आत ९४ मारलेत मद्रासला, आपल्या दादर पारशी कॉलनीचा माणूस, असा कीपर ओपनिंगला पण येतो आणि सातव्याला पण

ए-२०१ नाना : ते ९४ कसोटीतले, नियमात बसत नाहीत. आणि माझा प्रश्न वेगळाच आहे. आपण खाली दोन डावखुरे स्पिनर घेणार आहोत, विकेट फिरणार आहे, यष्टीमागे कोण हवा? माझ्या वडिलांनी मला ब्रेबॉर्नला लहानपणी नेलं होतं, आम्ही पूर्वेच्या बाजूला बसलो होतो, ऊन नाकावर, आणि बाबा म्हणाले बॅट्समनकडे बघू नकोस, ताम्हाणेकडे बघ. एक तास मी फक्त त्यांच्याकडे बघितलं. आवाज नाही, उड्या नाहीत, चेंडू ग्लोव्हमध्ये आला की गेला. स्टंपिंग झालं तेव्हा मला कळलंच नाही, अंपायरचं बोट बघून कळलं. ते मी विसरलेलो नाही.

सी-१०३ काकू : मग ताम्हाणेच घ्या, नानांचं बरोबर आहे

ए-३०४ : बॅटिंगचं काय पण. सातला कोण?

ए-२०१ नाना : सहाला एकनाथ सोलकर, सातला बापू नाडकर्णी. नाडकर्णींनी १९६०-६१ ला दिल्लीविरुद्ध नाबाद २८३ केलेत. सातव्या नंबरला २८३ करणारा माणूस असताना कीपरकडून धावा कशाला मागताय?

बी-४०३ : नाबाद २८३??? मला फक्त मद्रास कसोटीतल्या सलग २१ मेडन ओव्हर माहीत होत्या

ए-२०१ नाना : सगळ्यांना तेवढंच माहीत असतं. ३२ ओव्हर, २७ मेडन, ५ धावा. नेटमध्ये पिचवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचा सराव करायचे. पण बॅटिंग कुणी सांगत नाही. नाशिकचे, आधी महाराष्ट्राकडून खेळले मग मुंबईत आले.

सी-१०३ काकू : हां! महाराष्ट्राकडून!! आमचं पुणं कुठेतरी येऊ दे. आणि माझ्याकडून एक. १९७०-७१ ची फायनल आम्ही महाराष्ट्रवाल्यांनी हरायला नको होती. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, मांकड असे पाच जण वेस्ट इंडिजला गेलेले, मुंबईची अर्धी टीम नव्हती. आमच्या घरी रेडिओसमोर वडील आणि काका बसून होते की आता नाही तर कधीच नाही. आणि तरी मुंबईच जिंकली. वडील त्या रात्री जेवले नव्हते, आई अजून सांगते

ए-२०१ नाना : काकू तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. त्या वर्षी कॅप्टन सुधीर नाईक. माझ्या मते १५ पैकी सगळ्यात मोठं ते वर्ष. बाकी वर्षी आपल्याकडे माणसं होती म्हणून जिंकलो असं कुणी म्हणेल, त्या वर्षी माणसं नव्हती, फक्त सवय होती.

डी-५०२ ताई : मग सुधीर नाईकांना घ्या की टीममध्ये

ए-२०१ नाना : मनापासून घ्यायचंय ताई पण सलामीला दोघं बसलेत. राखीव घेऊ.

सेक्रेटरी : सोलकरांबद्दल कुणी लिहिलंच नाही अजून

डी-५०२ ताई : २७ कसोटींत ५३ झेल, हेल्मेट नाही काही नाही, बॅटच्या पुढ्यात उभे. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा, तिथेच झोपडीत वाढले. स्कोअरबोर्ड हलवता हलवता खेळायला शिकले. मी माझ्या मुलाला हे सांगते जेव्हा तो बुटांचा ब्रँड मागतो

ए-२०१ नाना : आता बॉलर. नववा रमाकांत देसाई. अंगाने एवढासा, उंची साडेपाच फूटसुद्धा नाही, आणि बाउन्सर टाकायचा. १९५८-५९, म्हणजे पंधरातलं पहिलंच वर्ष, पहिलाच रणजी सीझन, ५० विकेट, सरासरी ११.१०. इथूनच सगळं सुरू झालं.

बी-४०३ : बाबा विचारतायत, चार्ली स्टेयर्स चालतील का? १९६२-६३ ला वेस्ट इंडिजचे बॉलर भारतात रणजी खेळायला आणले होते ना, गिलख्रिस्ट हैदराबादला, वॉटसन दिल्लीला, किंग बंगालला आणि स्टेयर्स आपल्याकडे

ए-२०१ नाना : वा, बाबांना सांग नमस्कार. आठवण छान काढली. पण एकच वर्ष, आणि पाहुणा. पाहुण्याला आपण जेवायला बसवू, टीममध्ये नको. दुसऱ्या टोकाला अब्दुल इस्माईल, नवा चेंडू हलवायचा म्हणजे हलवायचा.

ए-३०४ : आणि स्पिनर? बाळू गुप्ते लेग स्पिन टाकायचे, शरद दिवाडकर ऑफ स्पिन. नाडकर्णी डावखुरे, सोलकरही डावखुरे. आणखी डावखुरा नको, एकसारखं होतं

ए-२०१ नाना : इथे मी हट्ट करणार आहे. अकरावा पद्माकर शिवलकर. डावखुरे तीन होऊ देत.

ए-३०४ : नाना टीम बॅलन्स?

ए-२०१ नाना : ऐक. माणसाने १२४ प्रथम श्रेणी सामन्यांत ५८९ विकेट काढल्या, सरासरी वीसच्या आत, आणि भारताकडून एक कसोटी नाही. एकही नाही. आधी मुंबईतच नाडकर्णी होते म्हणून थांबला, मग भारताच्या टीममध्ये बिशनसिंग बेदी, तोही डावखुरा स्पिनर, होता म्हणून थांबला. १९६१-६२ ला सुरुवात, १९८७-८८ ला शेवटचा सामना. कुठे कटुता नाही, गाणी म्हणायचा, हसायचा. आता मार्च २०२५ मध्ये गेला. आपण जी टीम काढतोय ती रणजीची, आणि रणजीच्या टीमला सुद्धा पॅडीला, म्हणजे आपल्या शिवलकरला, बॅलन्ससाठी बाहेर बसवायचं असेल तर मग मी ही टीम लिहून घेत नाही.

(बराच वेळ कुणी काही टाकलं नाही)

सी-१०३ काकू : घ्या घ्या. नाना घ्या त्यांना

ए-३०४ : सॉरी नाना. घ्या. चेपॉकचं सांगा ना, मला फक्त आकडे माहीत आहेत

ए-२०१ नाना : सॉरी काय त्यात. मद्रासचं चेपॉक मैदान, १९७३, फायनल, समोर तामिळनाडू. विकेट पहिल्या दिवसापासून वळत होती, त्यांच्याकडे वेंकटराघवन आणि व्ही. व्ही. कुमार, म्हणजे आपल्यासाठीच खणलेला खड्डा म्हण. आपण १५१ ला गारद. लोकांना वाटलं गेली या वेळी. मग पॅडी आला, १६ धावांत ८. ते ८० ला आउट. आपण परत ११३. त्यांना १८५ हवे होते, पॅडी १८ धावांत ५, बाकीच्या पाच सोलकरने काढल्या, ६१ मध्ये खलास. तिसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूवर सामना संपला. तिसऱ्या दिवशीचं तिकीट काढलेल्यांनी एक चेंडू बघितला. ३४ धावांत १३ विकेट. ती पंधरावी ट्रॉफी. देसाईने सुरू केलं आणि शिवलकरने मिटवलं, म्हणून या दोघांशिवाय टीम होऊच शकत नाही. आणि अरे सोलकर-शिवलकर दोघं डावखुरेच होते त्या दिवशी, बॅलन्स म्हणे

बी-४०३ : अंगावर काटा आला वाचून

डी-५०२ ताई : मग सोळावी का नाही मिळाली?

ए-३०४ : १९७३-७४, बंगलोर, सेमीफायनल. समोर कर्नाटक. त्यांच्या स्पिनर प्रसन्नाने गावसकरांना बोल्ड केलं, आणि वाडेकर चांगले सेट झालेले असताना धाव घेताना पाय घसरून रन आउट. कर्नाटकला पहिल्या डावाची आघाडी, त्यावरच ते फायनलला गेले, आणि त्याच वर्षी ते पहिल्यांदा चॅम्पियन. फायनलला समोर कोण? राजस्थान

सी-१०३ काकू : अगं बाई परत राजस्थान

सेक्रेटरी : कॅप्टन ठरवा आणि मी प्रिंट काढून लिफ्टपाशी लावतो. वाडेकर?

ए-२०१ नाना : उमरीगर. वाडेकर उपकर्णधार. वाडेकरांनी १९७१ ला भारताचा कॅप्टन म्हणून जे केलं त्याला तोड नाही, पण पुन्हा नियम, मुंबईपुरतं बघायचं, आणि पहिली सवय लावली ती उमरीगरांच्या पिढीने. बारावा रामचंद, १९५९ ला कानपूरला ऑस्ट्रेलियाला हरवलेल्या भारताच्या टीमचा कॅप्टन आपल्या टीमला पाणी नेणार, यावरून समजा टीम काय आहे.

बी-४०३ : लिहितो. गावसकर, सरदेसाई, वाडेकर, उमरीगर (कॅप्टन), अशोक मांकड, सोलकर, नाडकर्णी, ताम्हाणे, देसाई, इस्माईल, शिवलकर. बारावा रामचंद. राखीव सुधीर नाईक

ए-३०४ : इंजिनीअर राखीवमध्ये तरी घाला हो

ए-२०१ नाना : घाल. राखीव दोन.

डी-५०२ ताई : सासऱ्यांना फोन करून पूर्ण यादी वाचून दाखवली. पूर्ण ऐकून घेतली आणि विचारलं, दिलीप कितव्या नंबरला? म्हटलं दुसऱ्या. म्हणाले ठीक आहे, पण पहिला चेंडू त्याला खेळू दे

ए-२०१ नाना : त्यांना सांगा, स्ट्राइक सरदेसाईंकडे.