मदत हवी आहे: स्पेक्ट्रम ४८के, हिरव्या पडद्यावर तांबड्या उभ्या रेघा, मशीन पुढे सरकत नाही

मांडवीतीर (पणजी)
मशीन झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के (१९८० च्या दशकातला सिंक्लेअरचा घरगुती संगणक), बोर्ड इश्यू ३बी (बोर्डाची आवृत्ती). मॉड्युलेटर बाजूला काढून थेट कॉम्पोझिट व्हिडिओ टीव्हीला जोडला आहे, चित्र स्थिर आणि स्वच्छ येतं. अडचण अशी की सुरू केल्यावर कडेची चौकट पांढरी, आतला भाग हिरवा आणि त्यावर बारीक तांबड्या उभ्या रेघा. रेघा सारख्या अंतरावर आहेत, मोजल्या तर पूर्ण रुंदीत ६४ भरतात. '१९८२ सिंक्लेअर रिसर्च' ही ओळ येत नाही, कळ दाबून काही होत नाही.

मोजमापं: ७८०५ च्या (५ व्होल्टचा रेग्युलेटर) आउटपुटला ४.९९ व्होल्ट. आयसी६ ते आयसी१३ या आठही ४११६ मेमरी चिपांवर पिन ९ ला ४.९८, पिन ८ ला ११.९, पिन १ ला उणे ५.०. झेड८० प्रोसेसरच्या पिन ६ वर क्लॉक आहे. अडॅप्टर ९ व्होल्टचा, मध्यभागी ऋण. युएलए (चित्र आणि खालची मेमरी सांभाळणारी सिंक्लेअरची चिप) आणि रॉम सॉकेटात आहेत, बाकी सगळं सोल्डर केलेलं. काही चिपांचे पाय काळे पडलेत.

आठही ४११६ काढून नव्या बसवाव्यात का? बोर्डाला इतकी उष्णता देण्याची भीती वाटते.

आठबिट_फोंडा
आधी युएलए उपसून परत बसवा. आपल्याकडच्या हवेत त्या जुन्या एकपाती सॉकेटांवर गंज चढतो आणि निम्मे बिघाड तिथेच निघतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, तीन-चारदा आत-बाहेर. गंजावर मारायचा तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ बसून पुन्हा तीच गत होते. काळ्या पायांनी घाबरू नका, चांदीचा मुलामा काळवंडतो, वीज जायला अडचण नसते. फक्त ते पाय ठिसूळ झालेले असतात, वाकवायला जाऊ नका.

उष्णलोह
आठही काढायची काही गरज नाही. कुठली चिप गेली ते पडदाच सांगतो आहे.

सुरू होताच रॉममधला प्रोग्राम चौकट पांढरी करतो आणि वरच्या टोकापासून खाली १६३८४ पर्यंत प्रत्येक बाइटमध्ये २ लिहितो. पडद्याची मेमरी १६३८४ पासूनच सुरू होते, म्हणून हे लिहिणं डोळ्यांना दिसतं. २ म्हणजे ००००००१०. चित्राच्या भागात याचा अर्थ दर आठ ठिपक्यांत एक ठिपका पेटलेला, डावीकडून सातवा (डी० ते डी७ ही बाइटमधल्या आठ बिटांची नावं, डी७ सगळ्यात डावीकडे, डी० सगळ्यात उजवीकडे). रंगांच्या भागात २ म्हणजे काळ्या कागदावर तांबडी शाई. धडधाकट मशीनवर क्षणभर काळ्यावर तांबड्या ३२ रेघा चमकतात, कारण एका ओळीत ३२ रकाने असतात.

तुमच्याकडे ६४ आहेत, म्हणजे प्रत्येक रकान्यात एक जादा बिट पेटलेला. अंतर सारखं आहे म्हणजे तो सातव्या ठिपक्यापासून बरोबर चार ठिपके दूर, डावीकडून तिसरा. तो डी५. आता रंगाचा ताळा पाहा: रंगाच्या बाइटमध्ये डी० ते डी२ शाई, डी३ निळा कागद, डी४ तांबडा, डी५ हिरवा, डी६ उजळपणा, डी७ लुकलुक. डी५ कायम १ असेल तर काळा कागद हिरवा दिसणार, आणि तो दिसतोच आहे. दोन्ही वाटा एकाच बिटवर येतात. खालच्या १६के मध्ये आयसी६ हा डी०, तिथून क्रमाने आयसी१३ हा डी७. डी५ म्हणजे आयसी११.

पांढरी चौकट ही चांगली खूण आहे. रॉम वाचता आला आणि झेड८० ने तो चालवला म्हणून ती आली. खालच्या मेमरीची डेटा लाइन आणि झेड८० ची डेटा लाइन यांच्यात ४७० ओहमचे आठ रेझिस्टर आहेत (आर१ ते आर८). त्यामुळे एका बाजूची लाइन अडकली तरी दुसऱ्या बाजूचं वाचन सहसा चालू राहतं. पुढच्या पायरीत प्रोग्राम तोच २ परत वाचून एकेकाने कमी करत शून्यावर येतो का ते बघतो. १६३८४ वरच ३४ मिळाल्यावर त्याच्या हिशेबी रॅम आहेच कुठे? स्टॅक रॉमच्या पत्त्यावर मांडला जातो आणि मशीन भरकटतं.

एक शंका उरते. युएलएचा डी५ आतून बिघडला तरी चित्र हुबेहूब असंच दिसेल. म्हणून युएलए काढा, वीज बंद ठेवा आणि आठही चिपांच्या पिन १४ (डेटा आउटपुट) पासून +५ आणि ग्राउंड असा रेझिस्टन्स मोजून एकमेकांशी ताडून बघा. नेमका आकडा महत्त्वाचा नाही, सातांपेक्षा वेगळा कोण ते बघायचं.

खाजन_काठ
पिगीबॅक करून बघा की. चांगली ४११६ आयसी११ च्या पाठीवर, सोळाही पाय टेकतील अशी बसवायची, मग वीज चालू. सोल्डरिंग नाही, काही नाही.

उष्णलोह
ते मेलेल्या चिपवर चालतं, अडकलेल्या चिपवर नाही. आतली चिप लाइनला धरून बसली असेल तर पाठीवरची कितीही चांगली असो, ओढाताणीत हरणार. म्हणून पिगीबॅकने फरक पडला नाही तर 'खालची चिप ठीक आहे' असा अर्थ काढू नका. बहुतेक लोक तिथेच चकतात.

मांडवीतीर
युएलए साफ करून बसवला, चित्र तेच. मग काढून मोजलं. सात चिपांच्या पिन १४ पासून +५ कडे काही किलोओहम, आपसात फारसा फरक नाही. आयसी११ ला ४० ओहमच्या आसपास. ग्राउंडकडे सगळ्या साधारण सारख्या.

उष्णलोह
मग पिगीबॅक विसरा. आयसी११ आतून +५ ला चिकटली आहे, काढावीच लागेल.

आठबिट_फोंडा
काढताना चिप वाचवायच्या मोहात पडू नका, बोर्ड वाचवा. बारीक फ्लश कटरने सोळाही पाय चिपच्या अंगाशी कापा, धड उचलून टाका. मग प्रत्येक पाय वेगळा: टोक साधारण ३५० अंशांवर, थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावा, सोल्डर पातळ झालं की चिमट्याने पाय अलगद वर ओढा. ओढावं लागतंय असं वाटलं तर थांबा, सोल्डर अजून वितळलेलं नाही. जोर केला की छिद्राच्या आतला तांब्याचा मुलामा पायाबरोबर बाहेर येतो, आणि बोर्ड दोन्ही बाजूंनी छापलेला असल्याने वरची ट्रेस तुटली तरी खालून कळत नाही. पिन १६ ला आणि पुरवठ्याच्या पिनांना रुंद तांबं जोडलेलं असतं, तिथे उष्णता पळते, तेवढ्या जागी जास्त वेळ द्या. शेवटी छिद्रं सक्शन पंपाने किंवा डिसोल्डरिंग वातीने मोकळी करा.

नवीन चिप थेट सोल्डर करू नका, सॉकेट लावा, आणि तेही टर्न्ड पिनचं (गोल, कोरलेल्या पिनांचं). साधं पत्र्याचं सॉकेट किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे नीट काढेल याची खात्री नाही. सॉकेट बसवल्यावर, चिप घालण्याआधी, प्रत्येक पिनपासून शेजारच्या ४११६ च्या त्याच पिनपर्यंत कंटिन्युइटी (जोडणी अखंड आहे का ते) बघा. पिन २ आणि १४ सोडून बाकी सगळ्या आठही चिपांना समाईक आहेत. २ आणि १४ एकमेकांना जोडलेल्या असायला हव्यात.

मांडवीतीर
४११६ आणायची कुठून? पणजी-म्हापशात विचारलं, सॉकेट, वात, फ्लक्स मिळालं, चिप नाही. ४१६४ (६४के ची मेमरी चिप) मात्र जुन्या पीसीच्या कार्डावरच्या पडून आहेत.

खाजन_काठ
मुंबईला कोणी जाणारं असेल तर लॅमिंग्टन रोडवर जुना माल ठेवणारे आहेत, नाहीतर ऑनलाइन. वेगाचा आकडा १५ किंवा २० चालेल (१५० किंवा २०० नॅनोसेकंद), २५ नको. नाव पुसून नव्याने छापलेला माल फार फिरतो. अक्षरं अॅसिटोनने पुसली जात असतील तर संशय घ्या. रशियन के५६५आरयू३ ही त्याच जोडणीची चिप आहे.

उष्णलोह
४१६४ असताना ४११६ कशाला शोधता? फरक पुरवठ्याचा आहे. ४११६ ला तीन व्होल्टेज लागतात: पिन १ उणे ५, पिन ८ ला +१२, पिन ९ ला +५. ४१६४ ला फक्त +५, आणि तो पिन ८ वर. तिची पिन ९ म्हणजे ए७ (पत्त्याची एक लाइन), पिन १ सहसा रिकामी. तशीच खोचली तर पिन ८ वर १२ व्होल्ट बसून ती क्षणात जाईल.

म्हणून असं करा. ४१६४ ची पिन १ आडवी वाकवून सॉकेटबाहेर ठेवा. पिन ८ ही तशीच बाहेर, आणि बारीक तारेने ती पिन ९ ला जोडा, तार पायाच्या वरच्या जाड भागात, सॉकेटात जाणाऱ्या टोकाला सोल्डर लागू न देता. पिन ९ सॉकेटातच राहते, तिथला +५ पिन ८ ला मिळतो आणि ए७ कायम १ राहून चिपचा चौथा भागच वापरला जातो, १६के. पाठीवर पिन ८ ते १६ असा ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर टाका. उरलेल्या सात ४११६ शेजारी ती बिनतक्रार चालते.

बोर्डावरचा १२ व्होल्टचा कन्व्हर्टर मात्र कधी बंद करू नका, अगदी उद्या आठही ४१६४ टाकल्या तरी. रंग तयार करणारी एलएम१८८९ त्याच १२ वर चालते. आणि ४११६ राहिल्या आहेत तोवर उणे ५ वर लक्ष असू द्या. उणे ५ नाही पण १२ आहे, या अवस्थेत ४११६ जळतात. उलटंही होतं: एखादी ४११६ आतून १२ ला शॉर्ट झाली की कन्व्हर्टरचा ट्रान्झिस्टर टीआर४ (झेडटीएक्स६५०) तिच्यामागून जातो. म्हणून नवीन चिप घालण्याआधी रिकाम्या सॉकेटवर तिन्ही व्होल्टेज पुन्हा मोजा.

मांडवीतीर
आयसी११ निघाली, टर्न्ड पिन सॉकेट, त्यात वरच्याप्रमाणे ४१६४. पडदा पांढरा, कॉपीराइटची ओळ आली, कळा चालतात. पण 'प्रिंट पीक २३७३२+२५६*पीक २३७३३' (मशीनला सापडलेल्या मेमरीचा शेवटचा पत्ता) दिल्यावर ३२७६७ येतात. ६५५३५ यायला हवेत ना?

उष्णलोह
हो. वरची ३२के मशीनला दिसत नाही, तुमचं मशीन आता १६के म्हणून उठतं आहे. ३२७६८ वरच चाचणी अडकली. पण बेसिक चालू असल्याने आता हे काम सोपं आहे: पोक पत्त्यावर आकडा लिहितं, पीक तो वाचतं. 'पोक ३२७६८,०' देऊन पीक करा, मग 'पोक ३२७६८,२५५' देऊन पीक करा. दोन-चार वेगळ्या पत्त्यांवरही. एकच बिट चुकत असेल तर चिप, सगळेच वेडेवाकडे असतील तर आयसी२३ ते आयसी२६ या लॉजिक चिपांकडे बघायचं.

मांडवीतीर
० लिहिलं तर ८ येतो, २५५ लिहिलं तर २५५. ४००००, ५००००, ६०००० वरही तेच.

उष्णलोह
८ म्हणजे डी३. वरच्या मेमरीत आयसी१५ हा डी०, म्हणून तुमची आयसी१८.

इथल्या चिपा ४५३२ आहेत: ६४के ची चिप, जिचा अर्धा भागच चांगला निघाला म्हणून ३२के म्हणून विकलेली. कुठला अर्धा ते नावाच्या शेवटी असतं (टीआय ला ३ किंवा ४, ओकी ला एच किंवा एल) आणि बोर्डावरची लिंक त्याप्रमाणे लावलेली असते. ४५३२ घेणार असाल तर शेवट बाकीच्या सातांशी जुळायला हवा. पूर्ण ४१६४ ला ही अट नाही, तिचे दोन्ही अर्धे चांगले.

या बाजूला सगळं +५ वरच आहे, त्यामुळे ४१६४ काहीही न वाकवता सरळ बसते. आयसी११ साठी तार जोडलेली चिप इथे चालणार नाही, तिची ए७ बांधलेली आहे. आणि निवडताना टीएमएस४१६४ टाळा. तिला २५६ ओळींचं रिफ्रेश (मेमरी विसरू नये म्हणून ओळी पुन्हा पुन्हा वाचणं) लागतं, झेड८० चं रिफ्रेश रजिस्टर सात बिटच मोजतं, म्हणजे १२८. हिताची एचएम४८६४, फुजित्सू एमबी८२६४, ओकी एमएसएम३७६४ या १२८ वाल्या आहेत. तुमच्या पीसी कार्डावर यांपैकी काही आहे का बघा.

मांडवीतीर
एमबी८२६४ आहेत, नऊ.

आठबिट_फोंडा
पुष्कळ झाल्या. तीच कापण्याची रीत, तेच सॉकेट. आयसी१८ बसवल्यावर पीक पुन्हा करा आणि मशीन तासभर गरम होऊ द्या, मग परत ०, २५५, ८५ आणि १७० लिहून तपासा. थंड असताना पास होऊन तापल्यावर चुकणाऱ्या ४५३२ अजून सात शिल्लक आहेत तुमच्याकडे.