मदत हवी आहे: टॅक्सनवर्क्समध्ये छापील साल आणि खरं साल

पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या शास्त्रीय नावांची यादी टॅक्सनवर्क्समध्ये (जीवांच्या वर्गीकरणाची माहिती ठेवायचं सॉफ्टवेअर) भरतोय, संदर्भ सगळे झोटेरोत (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) आहेत, तिथून बिबटेक फाईल (संदर्भांची साधी मजकूर-फाईल) काढून टॅक्सनवर्क्समध्ये घेतो. अडचण नियतकालिकांच्या जुन्या अंकांची. लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जसारख्यांवर छापलेलं साल एक आणि अंक खरोखर बाहेर पडला पुढच्या वर्षी, आणि प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमाप्रमाणे शास्त्रीय नावापुढे खरं सालच लागतं. झोटेरोत तारखेचा रकाना एकच, म्हणून छापील साल तिथल्या 'एक्स्ट्रा' या जादा माहितीच्या रकान्यात लिहून बघितलं, ते टॅक्सनवर्क्समध्ये आल्यावर नुसतं टिपेत पडतं. टॅक्सनवर्क्समध्ये छापील सालासाठी वेगळा रकाना आहे हे माहितीये, पण शेकडो नोंदी हाताने कोण भरणार! बिबटेक फाईल एडिटरमध्ये उघडून बदलायची तयारी आहे, थोडंफार पायथन येतं, फक्त झोटेरो सोडता येणार नाही कारण लॅबमधले सगळे तेच वापरतात.



तर बिबटेकमध्ये छापील साल कुठल्या नावाच्या फील्डमध्ये दिलं की ते थेट त्या रकान्यात जाईल, आणि आधीच आत गेलेल्या नोंदी एकगठ्ठा दुरुस्त करता येतात का?