खान्देशातले डेव्हलपर, खरंच कामी आलेलं काहीतरी सांगा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडं बसून कोड लिहिणाऱ्यांसाठी हा धागा. कोणती संकल्पना, कोणतं ओपन सोर्स टूल उपयोगी पडलं? नुसती नावं नकोत, गाडी कुठं अडली होती तेही लिहा.

रावेर
केळी खरेदीचं ॲप सांभाळतो. काट्यावर वजन झालं की फोनवर पावती. मळ्यात रेंज येते-जाते, म्हणून नोंद आधी फोनमधल्या एसक्यूलाइटमध्ये. सगळा डेटाबेस एका फाइलीत, वेगळा सर्व्हर लागत नाही. खरी गंमत पुढं. फोननं नोंद पाठवली, सर्व्हरनं घेतली, पण ‘मिळाली’ हे उत्तर येता येता रेंज गेली. फोन बिचारा परत पाठवतो. झालं, एकाच ट्रॅक्टरचं वजन दोनदा! यावर उपाय आयडेम्पोटन्सी. पावती बनतानाच फोननं तिला यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा ओळखक्रमांक) द्यायचा, सर्व्हरवर त्या कॉलमला युनिक (एकच क्रमांक दोनदा नको) लावायचं आणि पोस्टग्रेस या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’, म्हणजे तोच क्रमांक परत आला तर काही करू नको. मग कितीदा पाठवा, नोंद एकच. नाव तेवढं जडजंबाल आहे.

धुळे
यादीत ‘शेतकऱ्याचे’ शोधलं की निम्म्याच नोंदी यायच्या. डोळ्यांना सगळे सारखेच दिसतात. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलनं एकेका अक्षराचं नाव छापून पाहिलं: काही ठिकाणी ऱ आणि हलन्त, काही ठिकाणी साधा र, हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं चिन्ह). एनएफसी नॉर्मलायझेशननं (युनिकोडचा मजकूर एकसारखा करायच्या ठरलेल्या पद्धतीनं) हे दोन एक होत नाहीत, आपणच बदलून घ्यावे लागतात. मराठी डेटावाल्यांनो, हे साठवतानाच करा, नंतर फार निस्तरावं लागतं.

भुसावळ
गिट बायसेक्ट, भो! कोडचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली सोय, कोणत्या कमिटनं (नोंदवलेल्या बदलानं) कोड बिघडला ते शोधायला. चालणारा एक जुना कमिट सांगायचा, बिघडलेला एक नवा. गिट मधला काढून देतं, तपासला की निम्मे बाद. हजार कमिट असले तरी दहाएक तपासण्यांत चोर सापडतो. टेस्ट स्क्रिप्ट तयार असेल तर ‘बायसेक्ट रन’ लावा अन् चहाला जा.

नंदुरबार
रिपग्रेप, फायलींमधला मजकूर शोधणारं टूल. गिटइग्नोर (गिटनं वगळायच्या फायलींची यादी) पाळतं, त्यामुळं नोड मॉड्यूल्सचा, म्हणजे बाहेरून आणलेल्या कोडचा, ढीग आपोआप वगळला जातो. बाकी वापरूनच बघा.

जळगाव
रावेरवाले भाऊ, एक भर घालतो. पावतीवर फोनची वेळ आणि सर्व्हरची वेळ, दोन्ही ठेवा. नोंद संध्याकाळी रेंज आल्यावर पोचते आणि भाव सकाळचा असतो. व्यापारी नेमका तिथंच हुज्जत घालतो.