लातूरहून पुणे, कराड आणि सांगलीची अभियांत्रिकी महाविद्यालये पाहायला गाडीने जायचे आहे: मार्ग, दिवस आणि काय पाहावे?

लातूरची आई

नमस्कार. माझ्या मुलीने यंदा बारावी विज्ञान शाखेची परीक्षा दिली आहे आणि सीईटीचा निकाल आता कधीही लागेल. उत्तरतालिकेशी ताडून पाहता तिला ९५ ते ९७ पर्सेंटाइल मिळतील असा आमचा अंदाज आहे. तिला ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार) शाखा घ्यायची आहे आणि त्याविषयी तिचे मन पक्के आहे. महाविद्यालयांच्या बाबतीत मात्र रोज कोणीतरी नवे नाव सुचवते, आणि त्या नावांपलीकडे आमच्या घरात कोणालाही त्या संस्थांविषयी काही ठाऊक नाही.

प्रवेशाच्या अर्जात महाविद्यालयांचे पर्याय भरण्याआधी एकदा सगळ्यांनी मिळून गाडीने जाऊन महाविद्यालये पाहून यावीत, असे आम्ही ठरवत आहोत. यादीत सध्या पुण्याचे सीओईपी, पीआयसीटी आणि कमिन्स, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, सांगलीचे वालचंद, इस्लामपूरजवळचे आरआयटी, कोल्हापूरचे केआयटी आणि मुंबईचे व्हीजेटीआय आहे. गाडीत यजमान, मी, मुलगी, सातवीतला मुलगा आणि सासूबाई असे पाच जण असू. यजमानांना जेमतेम पाच दिवसांची रजा मिळेल आणि गाडी तेच चालवणार आहेत.

एवढे सगळे पाच दिवसांत पाहून होईल का? जूनमध्ये जावे की जुलैमध्ये? आणि महाविद्यालयाच्या आवारात गेल्यावर नेमके काय पाहायचे, कोणाला भेटायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त प्राध्यापक, पुणे

ताई, जाण्याचा निर्णय अतिशय योग्य आहे, परंतु यादी निम्म्यावर आणावी लागेल. पाच दिवसांत आठ ठिकाणे म्हणजे आठ प्रवेशद्वारे पाहून परत येणे होईल, आणि प्रवेशद्वार सगळ्यांचेच चांगले असते.

यादी कमी करण्यासाठी प्रथम सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील मागील वर्षाच्या फेरीनिहाय कट-ऑफ याद्या उघडा. त्यांतील प्रवर्गाच्या सांकेतिक नावात पहिले अक्षर 'जी' असेल तर ती सर्वसाधारण जागा आणि 'एल' असेल तर मुलींसाठी राखीव जागा असते, त्यामुळे आपल्या कन्येसाठी दोन्ही ओळी पाहाव्यात. शेवटचे अक्षर 'एच' असेल तर जागा गृह विद्यापीठाच्या क्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी, 'ओ' असेल तर त्या क्षेत्राबाहेरील विद्यार्थ्यांसाठी आणि 'एस' असेल तर राज्यस्तरावरची असते. बारावी लातूरला झाली असल्याने आपले गृह विद्यापीठ नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. पुण्यातील खासगी महाविद्यालयाची 'एच' ओळ पाहून हुरळून जाण्यात किंवा खचून जाण्यात अर्थ नाही, कारण ती आपल्याला लागूच होत नाही. लातूर, बीड, परभणीचे कितीतरी पालक नेमकी तीच ओळ पाहून बेत ठरवतात, म्हणून हे सविस्तर लिहिले.

या चाळणीनंतर जी महाविद्यालये आपल्या अंदाजाच्या एक-दोन पर्सेंटाइल वरखाली असतील, तेवढीच प्रत्यक्ष पाहावीत. सीओईपी ही १८५४ पासूनची संस्था आहे आणि २०२२ मध्ये तिला स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिथे ई अँड टीसीसाठी लागणारे गुण आपल्या अंदाजापेक्षा बरेच वर असतात. व्हीजेटीआयचेही तेच, शिवाय मुंबईचा फेरा एकट्याने दोन दिवस खातो. ही दोन्ही नावे पर्यायांच्या अर्जात जरूर असावीत, पण त्यांच्यासाठी प्रवासाचे दिवस घालवू नयेत. पुण्यात कमिन्स आणि पीआयसीटी पाहा. महर्षी कर्वे यांच्या संस्थेने १९९१ मध्ये सुरू केलेले कमिन्स हे केवळ मुलींसाठीचे देशातील पहिले अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. असे वातावरण आपल्याला रुचते की नाही, हे मुलीला तिथे दोन तास घालवल्याशिवाय कळणार नाही.

आता हा प्रवास पर्याय भरण्याच्या आधीच का करायला हवा, ते सांगतो. २०२५ च्या प्रवेशांपासून नियम असा झाला आहे की पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादा मिळाला किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर ती जागा आपोआप पक्की होते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही. यंदाची माहितीपुस्तिका वाचून याची खात्री करून घ्यावी, पण त्यामुळे वरच्या सहा पर्यायांचा क्रम हाच सगळ्या प्रक्रियेचा गाभा झाला आहे. पूर्वी लोक जागा मिळाल्यावर महाविद्यालय पाहायला येत आणि न आवडल्यास पुढच्या फेरीची वाट पाहत. ती सोय आता फारशी उरलेली नाही.

आवारात गेल्यावर विभागप्रमुखांना भेटण्याचा आग्रह धरू नका, भेटले तर उत्तमच. विनंती करून शाखेची प्रयोगशाळा मात्र अवश्य पाहा. टेबलावरील ऑसिलोस्कोपकडे (विद्युत लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणाकडे) जरा जवळून पाहावे. ज्याच्या बटणांवरची अक्षरे बोटांनी पुसट झाली आहेत आणि ज्याच्या प्रोबच्या तारेला चिकटपट्टी लावलेली आहे, ते उपकरण मुलांच्या हाताखाली असते. प्लास्टिकचे आवरणही न काढलेली नवी कोरी उपकरणे ज्या प्रयोगशाळेत रांगेने मांडलेली असतात, तिथे गेल्या वर्षी किती प्रात्यक्षिके झाली, असे विचारायला हरकत नाही. नोकऱ्यांच्या बाबतीत सर्वांत मोठे पॅकेज विचारू नका, ते भिंतीवर लिहिलेलेच असते. आपल्या शाखेतील किती मुलांनी नोंदणी केली, त्यांपैकी कितींना नोकरी मिळाली आणि पगारांच्या क्रमात मधोमध येणाऱ्या मुलाला किती पगार मिळाला, एवढे विचारा.

कराडची विद्यार्थिनी

काकू, मी कराडच्या शासकीय महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे आणि माझे गाव परभणी जिल्ह्यात आहे, त्यामुळे आपला प्रश्न मला अगदी जवळचा वाटला.

सरांनी सांगितलेल्या गोष्टींत मला वसतिगृहाची भर घालायची आहे, कारण घरापासून इतक्या दूर राहणाऱ्या मुलीचे निम्मे आयुष्य तिथेच जाते. मुलींच्या वसतिगृहात काकांना आत सोडणार नाहीत. आपण आणि आपली मुलगी रेक्टर मॅडमची परवानगी घेऊन आत जाऊ शकाल, परंतु ती परवानगी आदल्या दिवशी फोन करून मागितलेली बरी. पहिल्या वर्षाला किती मुलींना जागा मिळते, ती गुणानुक्रमे मिळते का, आणि न मिळालेल्या मुली कुठे राहतात, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. वसतिगृह आहे, एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

शक्य असल्यास मेसमध्ये पैसे देऊन एक वेळ जेवावे. पावसाळ्यात गेलात तर गॅलरीत वाळत घातलेले कपडे, स्नानगृहातील पाण्याचा निचरा आणि सकाळच्या गरम पाण्याची सोय हे सगळे न विचारताच दिसेल. ग्रंथालयाचा वाचनकक्ष रात्री किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि तिथून वसतिगृहापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का, हेही पाहावे.

आणखी एक विनंती आहे. कँटीनमध्ये गेल्यावर मुलीला आमच्यासारख्या विद्यार्थिनींशी एकटीला बोलू द्यावे. आई-वडील शेजारी असले की आम्ही सगळे छान आहे असेच सांगतो आणि तीही मनातले विचारत नाही. अर्धा तास आपण चहा घेत लांब बसलात तरी पुरे.

खर्चाविषयीही सांगते. आपण ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी यांपैकी असाल आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ होते. खोलीभाडे आणि मेस त्यात येत नाही. त्यामुळे तिथली खरी रक्कम प्रत्येक ठिकाणी विचारून वहीत लिहून ठेवावी. पुणे आणि कराड यांतील मोठा फरक तिथेच आहे.

सोलापूरचे पालक

गेल्या वर्षी मुलासाठी याच भागातून गाडीने फिरलो असल्यामुळे मार्ग आणि दिवसांविषयी लिहितो.

आपल्यासाठी गोलाकार मार्ग सोयीचा आहे. जाताना मुरूड, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पुणे गाठावे, हे अंतर सुमारे ३३० किलोमीटर आहे. पुण्याहून सातारा, कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा करत सांगली. परत येताना पुण्याकडे वळण्याचे कारण नाही, कारण मिरजेहून कवठे महांकाळ, सांगोला, मंगळवेढा असा चौपदरी रस्ता थेट सोलापूरला येतो आणि तिथून तुळजापूर, औसा करत लातूर. हा रस्ता इतका चांगला आहे की सांगली ते सोलापूर सुमारे २०० किलोमीटर अंतर असूनही गाडी चालवणाऱ्याला शीण येत नाही. उलट पुणे-कोल्हापूर महामार्गावर सातारा ते कोल्हापूर रुंदीकरणाचे काम बरीच वर्षे चालू आहे आणि ठिकठिकाणी वळणरस्ते आहेत. तो टप्पा अंधार पडण्यापूर्वीच पार करावा, विशेषतः पाऊस असेल तर.

पुण्यात गाडी मुक्कामाच्या जागीच ठेवा. स्वारगेटजवळ उतरलात तर मेट्रोने मंडईवरून शिवाजीनगरला सहज जाता येते, म्हणजे मुलीची इच्छा असेल तर सीओईपीचे आवार आणि नदीकाठचा बोट क्लब तासाभरात पाहून होईल. प्राध्यापक महोदयांचा मुद्दा मला पटतो, तरीही मुलीला ते आवार बाहेरून का होईना पाहू द्यावे, असे मी म्हणेन. माझ्या मुलाला तिथे जागा मिळाली नाही, पण ते आवार पाहिल्याचा त्याला आनंदच आहे. पीआयसीटी धनकवडीला, कात्रजच्या वाटेवर आहे. ते सातारा रस्त्याला लागायच्या दिवशी सकाळी घ्यावे.

तारखांचे म्हणाल तर जूनमध्ये बहुतेक ठिकाणी परीक्षा किंवा सुट्टी असल्याने आवार ओस असते. वरच्या वर्गांचे सत्र सुरू झाल्यावर जाण्यातच अर्थ आहे. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे आषाढी एकादशी २५ जुलैला आहे आणि पालख्या जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निघतील. त्यानंतर पुण्यात आणि सोलापूर रस्त्यावर वाहतूक वळवलेली असते, म्हणून त्यापूर्वीच परत यावे. मी आपल्या जागी असतो तर मंगळवारी, ३० जूनला निघालो असतो. बुधवारी कमिन्स, गुरुवारी सकाळी पीआयसीटी आणि मग कराडला मुक्काम, शुक्रवारी सकाळी कराडचे महाविद्यालय आणि दुपारी वालचंद, शनिवारी सांगलीहून परत. शनिवारी महाविद्यालयांची कार्यालये उघडी असतीलच असे नाही, म्हणून कराड आणि सांगली शुक्रवारच्या आत बसवणे महत्त्वाचे. निघण्यापूर्वी प्रत्येक ठिकाणी फोन करून वर्ग सुरू झाल्याची खात्री मात्र करून घ्या.

नोंदणी आणि कागदपत्रांची पडताळणी त्याच दिवसांत आली, तर प्रवास रद्द करू नका. ई-पडताळणीचा पर्याय निवडला असेल तर त्रुटी कुठूनही दूर करता येते. त्यासाठी अधिवास, नॉन-क्रीमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस, जात वैधता यांपैकी जी लागू असतील त्या सर्वांच्या स्कॅन प्रती मोबाईलमध्ये आणि मूळ प्रती एका पिशवीत जवळ असू द्या.

लातूरची आई

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मुलीने स्वतः याद्या उघडून 'ओ' आणि 'एस' च्या ओळी वेगळ्या काढल्या आणि आमची आठ नावांची यादी चारवर आली: कमिन्स, पीआयसीटी, कराड आणि वालचंद. इस्लामपूरचे आरआयटी वाटेवरच असल्याने शुक्रवारी वेळ उरला तर थांबू. कोल्हापूर सोडले आहे. वसतिगृहाचे प्रश्न तिने वहीत लिहून घेतले आहेत आणि कँटीनमध्ये आम्ही लांब बसणार, हे तिने आम्हाला आताच बजावले आहे.

एकच शंका उरली. सासूबाईंचे वय ७४ आहे आणि त्यांना गुडघेदुखी आहे. त्यांना यायची फार इच्छा आहे, त्यातही तुळजापूरचे दर्शन होणार म्हटल्यावर अधिकच. त्यांना न्यावे का?

सोलापूरचे पालक

अवश्य न्यावे, मात्र त्यांना महाविद्यालयांच्या आवारात फिरवू नये. बुधवारी आणि शुक्रवारी त्यांनी नातवासोबत मुक्कामाच्या ठिकाणीच थांबावे, म्हणजे आपल्यालाही घाई होणार नाही. त्यासाठी शुक्रवारी सकाळीच कराडची खोली सोडू नका. दुपारी सगळे मिळून सांगलीला निघा आणि तिथे विश्रामबाग भागात उतरा. वालचंद त्याच भागात असल्याने त्यांना खोलीवर सोडून आपण पाच-दहा मिनिटांत पोहोचाल.

तुळजापूरला मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते. आपण शनिवारी दुपारनंतर पोहोचाल, तेव्हा त्या मानाने सोपे जाईल. महाद्वारातून आत गेल्यावर मंदिराकडे बऱ्याच पायऱ्या उतरून जावे लागते आणि दर्शनानंतर त्या चढाव्याही लागतात. त्यामुळे ज्येष्ठांसाठी काय व्यवस्था आहे, ते मंदिर कार्यालयात आधी विचारून घ्यावे. सांगलीहून सकाळी सातपर्यंत निघालात तर दर्शन घेऊनही रात्रीच्या जेवणाला लातूरच्या घरी असाल.