मदत हवी आहे: घरी मोठे फोटो छापायला कोणता प्रिंटर?

कमळपक्षी (भुसावळ)
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. घरी मोठे फोटो छापायला प्रिंटर घ्यायचाय. लॅबला कंटाळलो, दर वेळी प्रिंट काळपट. हतनूर धरणाच्या पाण्यावरचा सकाळी सातचा फोटो दिला, तर हातात आली दिवेलागणीची वेळ. काठची केळी हिरवी सोडून शेवाळी. तीनदा परत काढून घेतली, तशीच. एप्सन एल १८०५० घेऊ की कॅनन प्रो २००, एवढंच सांगा. दुकानदाराने शनिवारपर्यंतच भाव धरून ठेवलाय.

तापीकाठ (रावेर)
मोठे म्हणजे केवढे? हे दोन्ही ए३ प्लसचे, म्हणजे १३ बाय १९ इंच. त्याच्या वर जायचं तर १७ इंची एप्सन पी ९०० बघावा लागेल. त्यात शाईच्या दहा कार्ट्रिज, खर्चाचा हिशेब वेगळा. महिन्याला किती प्रिंट? बजेट? कागद चकचकीत की मॅट?

कमळपक्षी
१३ बाय १९ पुरे. धंदा करायचा नाही, घरच्या भिंती आणि पाहुण्यांना भेट द्यायला. महिन्याला दहा-बारा, एखाद्या महिन्यात एकही नाही. आता सांगा.

कागदपत्र (अमळनेर)
लेझर घ्या. माझा आठ वर्षं चालतोय, सातबारा, आधार, मुलांचे प्रोजेक्ट, सगळं निघतं. शाई वाळायची भानगडच नाही.

लग्नसराई (जळगाव)
कागदपत्र भाऊ, त्यांना फोटो छापायचेत.
कमळपक्षी, तुमचं ‘एखाद्या महिन्यात एकही नाही’ वाचून धडकी भरली. माझा सहा रंगांचा टाकीवाला प्रिंटर लग्नाच्या तिथी संपल्यावर मे महिन्यात पाच आठवडे बंद राहिला. चालू केला तर गुलाबी रंग गायब, नोझल चेकमध्ये (शाई नीट येते का बघायच्या चाचणी प्रिंटमध्ये) त्या जागी पाच-सहा तुटक रेघा. हेड, म्हणजे शाई सोडणारा भाग, त्याचं क्लीनिंग तीनदा केलं, निम्मी शाई वाया जाऊन आतल्या शोषून घेणाऱ्या पॅडमध्ये गेली. बहुतेक इंकजेटच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ३५ अंशांपर्यंतच लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ गाठतो. कोणताही घ्या, आठवड्यातून एक छोटी रंगीत प्रिंट काढाच. बंद करताना प्रिंटरच्या बटणाने करा, बोर्डावरून नाही. बटणाने बंद केला की हेड आपल्या जागी जाऊन झाकलं जातं. लोडशेडिंग असेल तर यूपीएस घ्याच.

सातपुडा_वारी (शहादा)
हे दोन्ही डाय शाईचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचे. उन्हाच्या भिंतीवर रंग लवकर उतरतील. पिगमेंटवाला, म्हणजे बारीक रंगकणांच्या शाईचा घ्या, कॅनन प्रो ३०० नाहीतर एप्सन पी ७००. पाहुण्यांना द्यायचं तर टिकाऊ द्या.

लग्नसराई
फ्रेमला काच लावा आणि उन्हात टांगू नका. चकचकीत कागदावर डायचा जो तजेला येतो तो पिगमेंटला येत नाही, हे मी स्वतः दोन्ही छापून बघितलंय.

सातपुडा_वारी
मॅट कागदावर छापून बघा, मग बोलू. आणि कूलरच्या झोतात कागद ठेवू नका, दमट होऊन कडा वळतात. कमळपक्षी, छापायचंय तरी काय, फक्त पाणी की पक्षी?

कमळपक्षी
रानपिंगळा पण आहे. लांबचा होता म्हणून बराच क्रॉप केलाय, लांब बाजूला २२०० पिक्सेल उरलेत.

सातपुडा_वारी
रानपिंगळा! शंभराहून जास्त वर्षं कोणाला दिसला नव्हता, १९९७ मध्ये आमच्या शहाद्याच्याच जंगलात पुन्हा सापडला. फोटो जरूर टाका, जागा मात्र कृपा करून लिहू नका. गर्दी झाली तर घरटं सोडून जाईल.

तापीकाठ
२२०० पिक्सेल १९ इंचांवर ताणले तर इंचाला ११५ च पडतात. पिसं मऊ दिसतील. तो ८ बाय १२ मध्येच काढा.

उजेड (धुळे)
दादा, मला वेगळाच प्रश्न पडलाय. तीन वेळा तीच काळपट प्रिंट येते म्हणजे लॅबचं मशीन तरी एकसारखं चालतंय. फोटो कुठे एडिट करता? स्क्रीनचा ब्राइटनेस किती? फाइल कोणत्या कलर स्पेसमध्ये देता, म्हणजे रंगांची कोणती मांडणी, अॅडोबी आरजीबी की एसआरजीबी?

कमळपक्षी
ताई, लॅपटॉपवर, ब्राइटनेस फुल्ल. कॅमेऱ्यात अॅडोबी आरजीबी, त्यात रंग जास्त मिळतात असं एकाने सांगितलं होतं. पण मी प्रिंटरचं विचारलं होतं.

उजेड
प्रिंटरचंच सांगतेय. स्क्रीन इतकी उजळ ठेवून एडिट केलं की फोटो नकळत काळोखाच होतो, आणि कागदाला स्वतःचा उजेड नसतो. लॅबची बरीच मशीन्स आलेली फाइल एसआरजीबी, म्हणजे कमी रंगांची नेहमीची मांडणी, धरूनच छापतात, म्हणून तुमचा हिरवा मेला. नवीन प्रिंटर आणलात तरी सकाळ काळोखीच निघेल. आज एवढं करा: पांढरा कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा, दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा, फोटो परत एडिट करून एसआरजीबीत काढा आणि त्याच लॅबमधून एक ८ बाय १२ आणा.

कमळपक्षी
ताई, आत्ता लॅबमधून आलो. काल रात्री ब्राइटनेस निम्म्याखाली आणला आणि माझाच फोटो मला काळपट दिसला, अगदी त्या प्रिंटसारखा. सुधारून दिला. केळीचं पान पोपटी आलं, पाण्यावरची वाफसुद्धा दिसते. लॅबवाल्या काकांना तीनदा वाट्टेल ते बोललो होतो, त्यांची माफी मागितली.
प्रिंटर तरीही घेणार, रात्री सुचलं की रात्री छापायचंय मला. पण शनिवार सोडून दिला, आता उन्हाळा उतरल्यावर. डाय आणि पिगमेंट शेजारी ठेवून कुठे बघायला मिळतील?

लग्नसराई
माझ्याकडे ये भो. दोन्ही शायांच्या प्रिंट आहेत, तुझी फाइलही छापून देतो. सकाळी दहाच्या आत ये, नंतर लाइट जाते.