जुने बचत गट मोडलेल्या वस्तीत कामाची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न

कर्वे समाज सेवा संस्थेतून समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी नुकतीच पुण्यातील एका संस्थेत समुदाय विकास अधिकारी म्हणून रुजू झाले आहे. पर्वतीच्या उतारावरील एक वस्ती माझ्याकडे असून, मार्चअखेर तेथे महिलांचे नवे बचत गट उभे करावेत, असे उद्दिष्ट वरिष्ठांनी दिले आहे. मात्र विषय काढताच बायका सांगतात, "गट झाले होते, पैसेही आले होते, पुढे सगळे मोडले." अशा ठिकाणी पुन्हा गट बांधावेत, की आधी दुसरे काही हाती घ्यावे?

प्रतिसाद १

आधी जुन्या गटांचे दप्तर मिळवून वाचा. इतिवृत्तावर फार विसंबू नका. ते पुष्कळदा एकाच हस्ताक्षरात, एकाच शाईने, मागाहून लिहिलेले असते. अंतर्गत कर्जाची, म्हणजे गटाने आपल्याच सदस्यांना दिलेल्या कर्जांची, खतावणी मात्र तितक्या सहजपणे रचता येत नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून पात्र गटाला १० हजार रुपयांचा फिरता निधी, म्हणजे सदस्यांना कर्जाऊ देऊन परत आल्यावर पुन्हा वापरायची रक्कम, मिळत असे. दहा जणींच्या गटात तो जमा झाला त्याच आठवड्यात प्रत्येकीच्या नावे एक-एक हजार पडले असतील आणि पुढे परतफेडीची नोंदच नसेल, तर तो गट निधीपुरताच होता. उलट एकीला दवाखान्यासाठी, दुसरीला जूनमधल्या शाळेच्या खर्चासाठी अशा कमी-अधिक रकमा दिल्या गेल्या आणि त्या हप्त्याहप्त्याने परत आल्या असतील, तर गट आज बंद दिसला तरी त्या बायकांचा एकमेकींवरचा विश्वास सहसा टिकून असतो. सुरुवात त्यांच्यापासून करावी. हिशेब लिहिणारी मुलगी लग्न होऊन सासरी गेली आणि गट थांबला, एवढेच कारणही कधी कधी निघते.

प्रतिसाद २

दप्तर मागताना मात्र जपून. पहिल्याच भेटीत वह्या मागितल्या, तर वसुलीला कोणी आले आहे अशी बोलवा पसरते. धुणीभांडी करणाऱ्या बायका बहुधा दुपारी दोननंतर घरी येतात आणि पाचच्या सुमारास पुन्हा कामावर निघतात. बैठक त्या मधल्या वेळेत ठेवा. सकाळी अकराला बोलावून 'महिलांचा प्रतिसाद नाही' असा अहवाल लिहिणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले आहेत.

प्रतिसाद ३

उद्दिष्ट टाळता येणार नाही, म्हणून मासिक अहवालात 'पुनरुज्जीवित गट' असा स्वतंत्र रकाना वरिष्ठांकडून आताच मान्य करून घ्या. मार्चमध्ये तो मागितला तर ती सबब वाटेल. दुसरी बाब बँकेची. दोन वर्षे व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय ठरते आणि ते सुरू करण्यासाठी केवायसी पुन्हा द्यावी लागते. सही करणाऱ्यांपैकी कोणी वस्ती सोडून गेली असेल, तर गटाचा नवा ठरावही जोडावा लागेल. हे होईपर्यंत मासिक बचत पेटीत ठेवून प्रत्येकीच्या गटाच्या पासबुकावर नोंदवत राहावी, थांबवू नये.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. हिशेब लिहिण्यासाठी वस्तीतील एका महाविद्यालयीन मुलीला तयार करावे असे वाटते. तिला मानधन संस्थेने द्यावे का?

प्रतिसाद १

मानधन अवश्य द्यावे, पण ते गटाने ठराव करून स्वतःच्या व्याजातून द्यावे, रक्कम थोडी असली तरी चालेल. संस्थेचा प्रकल्प संपला की संस्थेचे मानधनही थांबते आणि वही पुन्हा कोरी राहते. शिवाय एकीऐवजी दोघींना शिकवून ठेवा.